शेवंती आमेनवर चालते

मटिल्डा आते पहिल्यांदा घोड्यावर बसली तेव्हा साठीला टेकली होती. बसण्याआधी तिने लुगड्याचा काष्टा नीट खोचून घेतला, दंडावरचा घट्ट झालेला पोलक्याचा काठ सैल केला आणि मला म्हणाली, "रोवी, मी पडले तर आधी घोडीला धर. मी काय, पडल्या जागी सापडेन."

आते म्हणजे माझ्या पप्पांची थोरली बहीण. वसई गावाजवळ होळी नावाची वस्ती आहे, तिथे तिची वाडी. केळी, वाल, थोडी फुलं आणि विहिरीवर रहाट होता तेव्हापासूनचा एक तबेला. तबेला म्हणजे कौलांखालची एका घोडीची जागा. आतेचा नवरा व्हॅलेरियन मामा टांगा चालवायचा. स्टेशनपासून गावापर्यंत आणि कोणी सांगितलं तर थेट आगाशीपर्यंत.

मामाच्या टांग्याची सगळ्या पट्ट्यात एक ख्याती होती. तो वाटेतल्या प्रत्येक क्रूसापाशी थांबायचा. आमच्या वसईच्या गावांतून गेलेल्या माणसाला सांगायला नको की हे किती वेळा होतं. गल्लीच्या तोंडाशी क्रूस, विहिरीजवळ क्रूस, दोन वाड्यांच्या बांधावर क्रूस. त्याला कारण आतेचा मुलगा गॉडफ्रे. तो तीन वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला. मामाने त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं आणि वाटेत नवस बोलला, "पोर वाचलं तर मरेपर्यंत एकाही क्रूसापुढून तसाच जाणार नाही." पोर वाचलं. तेव्हापासून क्रूस आला की टांगा थांबे, मामा टोपी काढून एक 'नमो मारिया' म्हणे, क्रूसाची खूण करी आणि मग टांगा हले. एक घोडी गेली, दुसरी आली, तिच्यामागून ही शेवंती आली, पण नवस चालूच राहिला.

टांग्यातली माणसं चेष्टा करायची. आगाशीच्या एका मास्तरांनी म्हटलं होतं, "व्हॅलेरियनशेठ, आमच्या गणपतीच्या देवळापुढेही थांबत जा की."

मामा म्हणाला, "थांबतो. पण नवस तुम्ही बोला, माझा कोटा भरला."

शहाण्णव साली मामा गेला. तोवर रिक्षांनी टांगे बंदच पाडले होते. टांगा ओसरीला टेकून राहिला आणि त्याच्या मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. शेवंती मात्र तशीच राहिली. अंगाने धट्टीकट्टी, रंग वाळलेल्या शेवंतीच्या फुलासारखा. आते पहाटे उठून तिच्यासाठी गवत कापायची, पाणी काढायची, तिच्याशी मामाच्या तक्रारी करायची. शेवंती वाडीच्या बाहेर पाऊल टाकत नव्हती आणि आतेही चर्च आणि बाजार सोडून फारशी कुठे जात नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या नाताळात पाण्याची बादली नेताना आते तबेल्यात घसरली. मनगट सुजलं. गॉडफ्रे एअरपोर्टवर नोकरीला होता, लग्न ठरत आलं होतं, जुन्या घराला जोडून नवं घर बांधायचं त्याच्या मनात होतंच. तो म्हणाला, "मम्मी, बस झालं. शेवंतीला चांगल्या घरी देऊ. तबेला पाडून तिथून वरचा जिना घेऊ. उद्या तुझं हाड मोडलं तर ती तुला दवाखान्यात नेणार आहे का?"

"नेईल की," आते म्हणाली. "तुला नेलं नव्हतं तिच्या आजीनं?"

पण गॉडफ्रेचं चुकत होतं असंही नाही. आईच्या काळजीने तो कामावरून दोनदोनदा फोन करायचा. त्याने आगाशीच्या सुधाकररावांशी बोलणं करून टाकलं. सुधाकरराव वरातीला घोडा देत. त्यांचा पांढरा बादशहा म्हातारा होत चालला होता आणि त्यांना जोडीला एक शांत जनावर हवं होतं. माणूस चांगला, मामाचा जुना मित्र. चाबूक फक्त शोभेला ठेवणारा.

दोन दिवस आते तबेल्यातच बसून होती. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "देते मी शेवंती. पण टेम्पोत कोंबून नाही जायची ती. मी तिच्यावर बसून तिला सुधाकररावांच्या दारात नेणार."

गॉडफ्रेचा घास हातातच राहिला. "मम्मी, तू? घोड्यावर?"

"तुझ्या पप्पांनी जन्मभर मला टांग्यात मागं बसवलं. पुढं बसते म्हटलं की, लोक काय म्हणतील! आता ते नाहीत आणि लोक रिक्षानं जातात. मग बसायला काय हरकत?"

सोबतीला मी जायचं ठरलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते, शनिवारची रजा टाकली. जानेवारीचा शेवट होता, माघातले मुहूर्त सुरू झाले होते. शुक्रवारी पापडीला वरात होती, ती उरकून सुधाकररावांनी बादशहाला आतेच्या अंगणात बांधला आणि ते शेवटच्या एसटीने आगाशीला गेले. जाताना मला म्हणाले, "सकाळी तुम्ही यालाच घेऊन या, शेवंतीला सोबत होईल. घाबरू नका, रोवेनाबाई. जन्मात घोडा न पाहिलेले नवरदेव याच्यावर बसतात. अजून एक पडलेला नाही."

असा आमचा तांडा सकाळी निघाला. शेवंतीच्या पाठीवर दुमडलेली गोधडी आणि वर लाल लुगड्यातली आते. बादशहाच्या पाठीवर आरसे लावलेलं वरातीचं खोगीर आणि वर पंजाबी ड्रेस, स्वेटर आणि कानटोपीतली मी. पिशवीत मैद्याचे तळलेले फुगे आणि सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी. धुकं इतकं की केळीची पानं टपटप गळत होती. गॉडफ्रे फाटकात हात बांधून उभा होता. "सावकाश जा," एवढंच म्हणाला, पण शेवंतीच्या कपाळावरून त्याने हात फिरवलेला मी पाहिला.

गल्लीच्या तोंडाशी आमचा क्रूस आहे. तिथे शेवंती थांबली, आतेने सवयीने प्रार्थना म्हटली, आम्ही पुढे निघालो. त्यात काही वेगळं आहे हे आमच्या दोघींच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं ते गिरीज गावात. चांगली चालणारी शेवंती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. आतेने टाच मारली, जिभेने टकटक केलं, बाबापुता केलं. मी खाली उतरून सुकेळं दाखवलं. तिने सुकेळं खाल्लं आणि उभीच राहिली. मी बादशहाला पुढे घातलं, तर ती त्याच्याकडे बघत राहिली. मागे दुधाची सायकल अडली. कपडे वाळत घालणारी एक बाई कुंपणावरून म्हणाली, "काय गो, पेट्रोल संपलं वाटतं!"

"आते, लगाम सोड तू. तूच ओढतेस."

"अगं, माझ्या हातात लगाम आहे कुठं? मी तिच्या मानेला धरून बसलेय!"

मग आतेने वर पाहिलं. उजव्या हाताला चुना दिलेला क्रूस होता, त्यावर नाताळचा कागदी तारा अजून लोंबत होता.  मग डोक्यावरून पदर घेऊन तिने हळू आवाजात 'नमो मारिया' म्हटलं, क्रूसाची खूण केली. "आमेन" म्हणायचा अवकाश, शेवंती अशी निघाली की आतेचं आमेन अर्धं तिथेच राहिलं.

पुढच्या वळणावर आतेने पदर तोंडाला लावला. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. जवळ जाऊन बघते तर हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती.

"रोवी! म्हणजे हा माणूस लगाम ओढतच नव्हता! हीच थांबत होती! आणि मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगायचे, माझा नवरा एक क्रूस विसरत नाही म्हणून!"

"अगं, तिला सवय लावली कोणी? मामानीच ना?"

"ते खरं गं बाय. पण शेवटी शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं त्याला. तेव्हा हिनंच नवस पाळला."

त्यानंतर आम्ही दोघींनी तिची परीक्षाच घेतली. पुढच्या क्रूसापाशी मी नुसतंच मोठ्याने "आमेन!" म्हटलं. शेवंतीने एक कान माझ्याकडे वळवला आणि तशीच उभी राहिली. "चोरी चालत नाही तिथं," आते म्हणाली, आणि पूर्ण प्रार्थना म्हटली. मग एका वाडीच्या कोपऱ्यावर नवाकोरा, फरशी लावलेला क्रूस आला. मामाच्या पश्चात बांधलेला. शेवंती त्याच्यापुढून ढुंकूनही न बघता गेली आणि आतेला मान मागे वळवून प्रार्थना पुरी करावी लागली.

भुईगावच्या अलीकडे ती परत थांबली. क्रूस नाही, देऊळ नाही, विहीर नाही. आतेने तरीही प्रार्थना म्हटली. एकदा झाली, दोनदा झाली. शेवंती ढिम्म. समोर माडाच्या झापांची एक शेड होती, बाहेर बाकडं होतं. त्यातून फ्रेडरिक नावाचा म्हातारा गृहस्थ बाहेर आला आणि घोडी बघून त्याचा चेहरा फुलला.

"अरे, शेवंती! व्हॅलेरियनदादाची शेवंती! मी फ्रेडरिक, वहिनी. थांबा, ती प्रार्थनेनं नाय हलायची." तो आत गेला आणि गुळाचा खडा घेऊन आला. शेवंतीने खडा तोंडात घेतला, मान हलवली आणि चालायला तयार.

आते वरूनच शेडकडे बघत होती. आत ओळीने मडकी लावलेली होती.

"फ्रेडरिक, माझा नवरा इथं कशाला थांबायचा?"

"काय नाय ओ वहिनी... उन्हाचं पानी प्यायला."

"पानी? पांढरं होतं का ते पानी?"

फ्रेडरिकने कान खाजवला. "माडीचं होतं ओ. पन एकच पेला. दादा म्हनायचे, दुसरा पेला घेतला तर क्रूस दोन दोन दिसतात, मग घरी जायला उशीर होतो."

आते इतकी हसली की मला तिचा पाय धरून ठेवावा लागला.

भुईगावला आम्ही रस्ता सोडून किनाऱ्याने गेलो. ओहोटी होती, वाळू ओली आणि घट्ट. सुरूच्या बनातून ऊन नुकतं खाली उतरत होतं आणि समुद्रावर धुकं बसलेलं होतं. किनाऱ्यावर क्रूस नाही, फ्रेडरिक नाही. शेवंतीने कान टवकारले आणि ती पळायला लागली. चांगली दुडक्या चालीने. आतेचा पदर उडाला, अंबाडा सुटला. मी मागून ओरडत होते, "आते, धर! आते, धर!" आणि तिकडून आवाज येत होता, "धरलंय गं! तू ये की!" पण बादशहाला पळणं माहीत नव्हतं. जन्मभर तो बँडच्या पुढेमागे चाललेला. तो एक पाय उचले, विचार करी, मग दुसरा उचले.

शेवटी ती थांबली तिथे आम्ही सुरूखाली उतरलो. फुगे खाल्ले. आतेचे गाल थंडीने लाल झाले होते आणि ती एखाद्या पोरीसारखी दिसत होती. मी म्हटलं, "आते, एक सांगू? ही वरातीला कशी चालणार?"

तिने हातातला फुगा परत पिशवीत ठेवला. तोच विचार तिच्याही डोक्यात केव्हापासून होता, हे मला कळलं.

"मी गप्प बसले तर सुधाकरराव घेतील," ती म्हणाली. "पण पहिल्याच वरातीत कळेल. सांगितलं तर नाही म्हणतील. मग गॉडफ्रे दुसरं गिऱ्हाईक बघेल. तो माणूस कसा असेल कोण जाणे. क्रूसापाशी थांबली म्हणून कोणी चाबूक ओढला हिच्यावर तर, रोवी?" उठून तिने शेवंतीच्या खुरांवरची वाळू झटकली. "सांगावं तर लागेलच. सकाळपासून इतक्या प्रार्थना म्हटल्या, आणि वर खोटं बोलू?"

निर्मळला एका लग्नघरात बँड वाजत होता. बादशहाने तिथे आपली कला दाखवली. पुढचे पाय उचलून, मान डोलवून, जागच्या जागी नाचायला लागला, आणि वर मी कानटोपीत. मंडपातली पोरं टाळ्या वाजवत बाहेर आली. कोणीतरी विचारलं, "नवरी स्वतःच आली काय घोड्यावर?" पुढे आते क्रूसापाशी अडकलेली, मागे मी बँडपाशी अडकलेली. अशा तऱ्हेने आम्ही आगाशीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती.

सुधाकरराव दारात येरझारा घालत होते. त्यांची बायको मनोरमाताई म्हणाल्या, "अहो, आधी त्यांना बसू तरी द्या. उकडहंडी गार होतेय." पानांवर वाल, कंद, शेंगा, सगळं वाफाळत होतं. पण आतेने पानाला हात लावला नाही. आधी सगळं सांगितलं, फ्रेडरिकचं पानीसुद्धा.

सुधाकरराव आधी पोट धरून हसले. मग हळूहळू गंभीर झाले. "मटिल्डाताई, मला व्हॅलेरियनसाठी हिला घ्यायची फार इच्छा होती. पण आमच्यात मुहूर्त असतो. मांडवात भटजी घड्याळ बघतोय आणि नवरदेव अजून तिसऱ्या क्रूसापाशी! लोक मला झोडतील हो."

"तुमचं बरोबर आहे," आते म्हणाली. आणि मग तिला जेवणच जाईना.

मनोरमाताई वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही दर वेळी रडता ना, की वसई-पापडीकडच्या वराती आल्या की बादशहाला आगाशीहून चालवत न्यावं लागतं, तिथं बांधायला जागा नाही. त्याचे गुडघे गेले आता. यांच्याकडे तबेला आहे ना? तिथंच ठेवा की त्याला लग्नसराईत. आपला गडी तिथं जाईल, त्याचं गवत-पाणी करील आणि हिचंही करील. ताईंना बादली उचलायला नको."

सुधाकररावांनी कपाळावर हात मारून घेतला. आते म्हणाली, "पण तबेला राहिला तर ना! सोमवारपासून गवंडी येणार आहे."

"सोमवारी पापडीला पुन्हा वरात आहे," सुधाकरराव म्हणाले. "उद्या बादशहाला परत घेऊन जा. पुढचं तुमच्या देवाच्या हातात."

रात्री आम्ही तिथेच राहिलो. रविवारी नंदाखालच्या चर्चमध्ये सकाळची मिस्सा ऐकली. दोन्ही घोडे बाहेर आंब्याला बांधलेले. परतीच्या वाटेवर आते सगळे क्रूस मन लावून करत होती. मी विचारलं, "काय मागतेस गं?"

"मागत नाही. मागितलं की सौदा होतो. नुसतं सांगते, की बाबा, घोडी तुझीच आहे, तूच बघ."

होळीला पोचलो तर गल्लीच्या तोंडाशी गॉडफ्रे उभाच होता, मिस्सेच्या कपड्यांत. सुधाकररावांनी फोन करून एवढंच सांगितलं होतं की घोडी परत येतेय. उद्याच्या कामाची आखणी करायला गवंडीही आला होता, आणि तबेल्याभोवती चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ पडली होती.

शेवंती क्रूसापाशी थांबली.

"मम्मी, काय चाललंय? उतर, लोक बघतायत."

"मी नाही थांबवली. ती थांबलीय."

"पप्पा थांबवायचे तशी तू थांबवतेस."

"पप्पा पण थांबवत नव्हते," मी म्हटलं. "गॉडफ्रे, तूच बघ लगाम धरून."

त्याने लगाम धरला. ओढला, मग लाडीगोडी केली, मग मागून ढकललं. शेजारची कॅथरिन मावशी खिडकीतून म्हणाली, "अरे, बूट तरी काढ, नवे आहेत!" शेवंती क्रूसाकडे तोंड करून उभी. गॉडफ्रेने आईकडे पाहिलं.

आते वरून म्हणाली, "माझा घसा बसलाय. कालपासून मीच म्हणतेय. तू म्हण. नवस तुझाच होता."

गॉडफ्रे मागून पुढे आला, क्रूसासमोर. मग त्याने हात जोडले आणि 'नमो मारिया' म्हणायला लागला. सुरुवातीला पुटपुटत, लोक बघतायत म्हणून. मधेच त्याचा आवाज बदलला. मामा थांबायचा तिथेच तोही श्वासाला थांबला, हे आतेला कळलं असणार, कारण तिने मान खाली घातली. त्याने क्रूसाची खूण केली. "आमेन."

शेवंती निघाली. गल्लीतून, फाटकातून, अंगणातून, फक्कीच्या रेघेवरून सरळ तबेल्यात. पाठीवर आते, वाकून चौकटीखालून आत. मागे बादशहा, त्याच्यावर मी.

गवंडी म्हणाला, "साहेब, रेघ पुसली घोडीनं. परत मारू?"

गॉडफ्रे नाक पुसत होता. "नको," म्हणाला. "जिना विहिरीच्या बाजूनं घे."

बादशहा लग्नसराईत आतेच्या तबेल्यातच राहू लागला, आणि पुढची सात-आठ वर्षं दर थंडीत आते आणि मी घोड्यांवरून भुईगावच्या किनाऱ्याला जात राहिलो. तिथे शेवंतीची ती दुडकी चाल कोणी अडवायचं नाही. पण लोक आजही विचारतात ते गॉडफ्रेच्या लग्नाचं. पुढच्याच हिवाळ्यात त्याचं निर्मळच्या पॉलिनशी लग्न झालं, आणि तो स्वतःच म्हणाला, मी शेवंतीवर बसून जाणार. आम्ही घरातून इतक्या लवकर निघालो की बँडवाल्यांचा चहाही व्हायचा होता. सगळे क्रूस नीट पार पडले. करवल्यासुद्धा प्रार्थनेला थांबत होत्या.

मग भुईगावच्या अलीकडे, सुटाबुटातल्या नवरदेवाला घेऊन शेवंती माडीच्या शेडपुढे थांबली.

सगळी वरात थांबली. गॉडफ्रेने घाईघाईने प्रार्थना सुरू केली. मागून आते लुगडं सावरत पुढे आली आणि ओरडली, "अरे, ती इथं प्रार्थनेची नाही! फ्रेडरिक, गूळ आण रे! आणि माझ्या लेकाला पेला दाखवू नकोस, फादर वाट बघतायत!"